बोळ उघडा आहे, फिलू

फिलू, बोळ अजून उघडा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जरा निवांत ऐकशील आणि मधेमधे "पन बोळाचं काय?" करून माझं बोलणं तोडणार नाहीस.

तुझं शेवटचं वाक्य मी विसरलेले नाही. लोक शेवटी देवाचं नाव घेतात, मुलांना जवळ बोलावतात, निदान घोटभर पाणी तरी मागतात. तू खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरलास. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलणार. मी डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीतच होते. आणि तू म्हणालीस, "शांते, मी गेल्यावर पयली तूच बोळ बुजवशील. मला ठाव हाय." मग कूस बदललीस आणि झोपलीस. दुसऱ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं, आणि त्यानंतर तू नव्हतीस.

भांडणात शेवटचा शब्द कायम तुझाच असायचा, ते मी सोसलं. पण एवढं बोलून माणसानं निघून जायचं नसतं. समोरच्याला उत्तर द्यायला थोडी सवड ठेवायची असते. ती तू ठेवली नाहीस. तुझ्या महिन्याच्या मिस्साला सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलले. प्रेमळ, सोशीक, देवभोळी. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते, ही कोणाची मिस्सा आहे? मला कोणीतरी बोलायला सांगितलं तर मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडं गोड बोलणं नव्हतंच, उत्तर होतं, आणि ते चर्चमध्ये देण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं देते.

तुझं घर, माझं घर आणि मधे एक माणूस सरळ चालेल एवढा बोळ. एक तोंड पेणकरपाड्याच्या रस्त्याकडं, दुसरं मागच्या गटाराकडं. दोन्ही छपरांचं पाणी त्यात पडतं आणि रस्त्यावरून उतरणारं पाणीसुद्धा त्यातूनच मागं पळतं. रस्ता दर थोड्या वर्षांनी नव्यानं होत गेला, म्हणजे उंच होत गेला. आपली घरं होती तिथंच राहिली. भोवती टॉवर उठले. आता रस्त्यावरून आपल्या दारात यायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पायऱ्या उतरायला माणसांपेक्षा पाण्याला जास्त आवडतं. त्या पाण्याला आपल्या घरांत शिरू द्यायचं नसेल तर बोळाशिवाय दुसरी वाट नाही. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यावर आपण आयुष्यभर भांडलो.

मी इथं आले तेव्हा काय बाई होते, हे आता आठवलं की मला माझाच हेवा वाटतो. इतकं अज्ञान आणि इतका तोरा एका अंगात कसा मावत होता, कोण जाणे. मी परभणीकडची. आमच्या गावात ढग गडगडला की घरातल्या सगळ्या बायका भांडी घेऊन वळचणीखाली पळायच्या. जिच्या अंगणात भांडं नाही ती बाई आळशी. आमच्या ह्यांना काशीमिऱ्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी हा सगळा शहाणपणा बांधून इथं आले. पहिल्याच जूनमध्ये घरातली होती नव्हती ती भांडी, लग्नात आलेल्या परातीसकट, मी पागोळ्यांखाली मांडली. कमरेवर हात ठेवून तुझ्याकडं असं बघितलं, जसं काही तुम्हा इकडच्या बायकांना संसारच कळत नाही.

तू दारात उभी राहून चहा पीत होतीस. म्हणालीस, "भरली की कुठं ओतनार? घरात?"

मी उत्तर दिलं नाही. दुपारपर्यंत पाण्यानंच दिलं. माझी परात अंगणातून तरंगत निघाली आणि तुझ्या पायरीला जाऊन लागली. तू ती पदरानं पुसलीस आणि माझ्या हातात ठेवलीस. "घे. तुजा आहेर परत."

तिथून आपली ओळख.

मग झापांचं. तुझं माहेर समुद्रकाठच्या उत्तनचं. मे सरायला आला की तू भाईंदरहून बस धरून जायचीस आणि येताना टेम्पोत माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून आणायचीस. घराच्या दर्शनी भिंतीला बांबू आडवे बांधायचे आणि त्यांवर हे झाप सुतळीनं आवळायचे, की झाली भिंत पावसाळ्यापुरती झाकून. आपल्या घरांची तोंडं पश्चिमेला. पाऊस समुद्रावरून तिरका येतो आणि भिंतीच्या तोंडातच मारतो. तुझ्या माहेरी प्रत्येक घराला असे झाप लागायचे. मला ते भिकार वाटले. मी नुकताच दर्शनी भिंतीला गुलाबी रंग लावून घेतला होता, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावा म्हणून, आणि तू तो झाकायला सांगत होतीस.

"आमच्याकडं असलं गोठ्याला बांधतात," मी म्हटलं.

"मग बरंय," तू म्हणालीस. "गुरं कोरडी ऱ्हात असतील."

ऑगस्टपर्यंत गुलाबी रंगाचे पोपडे सुटले. ही सगळी मिठागराची जमीन, भिंतीला पांढरा फेस आला. ट्रंकेतल्या माझ्या शालूला बुरशी चढली. काडेपेटीवर काडी ओढली की तिचं डोकं गळून पडायचं. पण हरले असं दिसायला नको, म्हणून पुढच्या वर्षी मी झाप न लावता प्लास्टिक ठोकलं. ते एका वाऱ्याच्या दुपारी उडालं आणि समोरच्या माडावर जाऊन बसलं. अख्खा पावसाळा तिथं फडफडत होतं. कोणी विचारलं की तू सांगायचीस, "ती शांताची भिंत हाय. वर ऱ्हायला गेली."

त्याच्या पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं झाप बांधले. तू काही बोलली नाहीस. फक्त माझी प्रत्येक गाठ सोडलीस आणि पुन्हा घट्ट मारलीस. त्यापेक्षा बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पण फिलू, तुझंही सगळंच बरोबर नव्हतं. झापांच्या मागं उंदीर होत. दरवर्षी होत. मी दाखवले तरी तू कबूल केलं नाहीस. "वाऱ्याचा आवाज हाय," म्हणायचीस. तुझ्या वाऱ्याला शेपूट होतं आणि त्यानं माझे शेंगदाणे खाल्ले, हे इथं लिहून ठेवते.

आता बोळ. मला धुणं धुवायला जागा हवी होती. तुझी आई आजारी म्हणून तू मुलाला घेऊन माहेरी गेलीस, तेवढ्यात मी मागच्या तोंडाला विटा रचून घेतल्या आणि वर कडप्पा टाकला. पाणी जायला एक भोक ठेवलं. मुठीएवढं. मला वाटलं, पाणी आपलं शिस्तीत रांग लावून जाईल. आमच्या ह्यांना मी मोठ्या अभिमानानं दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे." मी काहीही केलं तरी ते छानच म्हणायचे. चांगला नवरा होता, पण त्या स्वभावानं माझं फार नुकसान झालं.

पाऊस आला आणि त्यानं रांग लावली नाही. आधी बोळ भरला, मग माझी मोरी उलटी वाहायला लागली, मग तुझं बंद स्वयंपाकघर बुडालं. तू परत आलीस. पिशवी खाली ठेवलीस, पदर खोचलास, कुठून तरी पहार आणलीस आणि कडप्पा फोडलास. मी शेजारी उभी राहून "नवा होता गं, नवा होता" म्हणत होते. तू एक अक्षर बोलली नाहीस. संध्याकाळी मेल्विनला कडेवर घेऊन माझ्या घरी आलीस आणि पाटावर बसलीस. तुझी चूल भिजलेली, तुला जेवायला घालणं मला भागच होतं. दोन भाकऱ्या खाल्ल्यास, पाणी प्यायलीस आणि मग पहिल्यांदा तोंड उघडलंस. "मीठ कमी हाय."

निळीची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली, कारण माझ्यावरचा तुझा विश्वास संपला होता. मे अखेर आपण दोघी बोळ काढायचो. मी रस्त्याकडून फावडं घेऊन, तू गटाराकडून खराटा घेऊन, मधोमध एकमेकींची बुडं लागेपर्यंत. मग मी बादलीत कपड्यांची नीळ कालवायची आणि रस्त्याच्या तोंडाशी ओतायची. तू मागं गटारापाशी उकिडवी बसायचीस. साधं पाणी ओतलं तर आत्ताचं कुठलं आणि आधी साचलेलं कुठलं, काही कळत नाही. निळं आलं की कळतं. वाट मोकळी असली की तिकडून तुझा आवाज यायचा, "आली गं आली." उशीर झाला तर समजायचं, मधे काहीतरी अडलंय. पुन्हा खराटा. तुझं ते "आली" कानावर पडल्याशिवाय मी कधी माळ्यावरची छत्रीसुद्धा खाली काढली नाही.

फळीचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी ते सोडणार नाही. आपलं गटार नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की जाणारं पाणी उलटं फिरतं. मग बोळ कितीही साफ असो, त्याचा उपयोग नाही. हे मी तुला कितीदा सांगितलं. "पान्याला वाट दिली की पानी जातं," एवढंच तुझं तुणतुणं. शेवटी मी सुताराकडून माझ्या दाराच्या चौकटीत बसेल अशी फळी करून घेतली. ज्या दिवशी वेळ आली त्या दिवशी फटी बुजवायला चिखल शोधायला सवड नव्हती, म्हणून रात्रीच्या पोळ्यांची मळलेली कणीक लावली. तू तुझ्या दारातून बघत होतीस.

"पानी चपात्या खायाला येतंय वाटतं," म्हणालीस.

पाणी आलं. तुझ्या घरात गुडघ्याएवढं झालं तेव्हा तू साडी वर धरून माझी फळी ओलांडलीस आणि माझ्या खाटेवर पाय वर घेऊन बसलीस. माझी फरशी कोरडी होती. मी मुद्दाम वाकून तिच्यावरून हात फिरवला आणि तळवा तुझ्यापुढं धरला. तू खिडकीकडं तोंड केलंस. "भरतीचं पानी वेगळं असतं. त्ये मोजायचं न्हाय."

का मोजायचं नाही? मी तुला त्यानंतर दर पावसाळ्यात विचारलं. तुझ्या आजारपणातसुद्धा एकदा विचारलं, "फिलू, आता तरी सांग, फळी चालली की नाही?" तू डोळे मिटून घेतलेस. झोपली नव्हतीस. पापण्या हलत होत्या.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. आमचे हे गेले तेव्हाही असेच पावसाळ्याच्या तोंडचे दिवस होते. घर माणसांनी भरलं होतं. गावाकडचे पाहुणे, विहारातल्या बायका, सगळे हळू आवाजात बोलत होते आणि मला कोणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होती ती फक्त बाहेरची खर्र खर्र. माझी नणंद म्हणाली, "कोण गं ही बाई, आजच्या दिवशी गटार उपसतेय? काही रीत आहे की नाही?" तू होतीस. मला उठता येत नव्हतं, म्हणून तू दोन्ही टोकं एकटीनं काढत होतीस. मी भिंतीला टेकून तो खराटा ऐकत राहिले. पाऊस येणार होता, घर कोरडं ठेवायचं होतं, आणि त्या घरात मी राहणार होते. त्या दिवशी मला धीर देणारं तेवढंच होतं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग दोन घमेली तू पन उचलायची होतीस."

असो. आता या महिन्याचं सांगते.

तुझी मिस्सा झाली त्या संध्याकाळी तुझा मेल्विन आणि माझा संदीप माझ्या पुढच्या खोलीत बसले. दोघंही चांगली मुलं. चांगल्या मुलांचीच भीती असते, ती आपल्या भल्याचं काहीतरी काढतात.

संदीप म्हणाला, "आई, बोळ बंद करून तिथं तुझ्यासाठी बाथरूम काढतोय. कमोडवालं. मागच्या मोरीत उठबस करताना पडशील कधीतरी."

"आणि पाणी?"

"रस्त्याचं गटार आता पक्कं झालंय. तिकडून जाईल."

"रस्ता आपल्यापेक्षा उंच आहे, संदीप. पाणी पायऱ्या चढणार आहे का?"

"मोटार लावू ना, मावशी," मेल्विन म्हणाला. "पाणी आलं की मोटार चालू."

"आणि लाइट गेली की?"

संदीपनं पुन्हा कमोडचं काढलं.

खोटं कशाला बोलू, कमोड या शब्दावर मी विरघळले होते. गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत. उकिडवं बसणं आता माझ्यासाठी प्रवासाला निघण्यासारखं आहे. मी "बघा बाबा, तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणणारच होते, शब्द ओठावर आला होता, आणि तेवढ्यात तू ऐकू आलीस. पयली तूच बुजवशील. असा राग आला फिलू तुझा. मेल्यावरसुद्धा बरोबर ठरायची एवढी हौस असते का माणसाला?

"नाही," मी म्हटलं. "बोळ राहील."

दोघं हसले. म्हाताऱ्या बाईचं नाही म्हणजे अजून थोडं समजवायला हवं, असं त्यांच्या वयात वाटतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी डेब्रिजचा, म्हणजे तुटक्या विटामातीचा, टेम्पो दारात येऊन उभा राहिला. मिस्त्री आणि त्याची दोन माणसं. संदीप ऑफिसला गेलेला, मेल्विन येतोय येतोय म्हणून फोनवर. मी आत गेले, सूप घेतलं, त्यात लसूण घेतला, पाट घेतला आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन बसले. तुला आठवतं ना, मी इथं नवी होते तेव्हा कडेवर घागर घेऊन या बोळातून पळत जायचे. तू मला काडी म्हणायचीस. आता मी बसले की बोळ संपतो. डावा खांदा तुझ्या भिंतीला, उजवा माझ्या भिंतीला. बाटलीला बूच बसावं तशी बसले.

मिस्त्री म्हणाला, "अम्मा, ज़रा हटिए. माल डालना है."

"डालो बेटा. मेरे ऊपर डालो."

"ऐसे कैसे डालें?"

"तो फिर चाय पियो."

त्यानं संदीपला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"आई, उठ ना. काय लहान मुलासारखं चाललंय?"

"लहान मूल असतं तर त्याला उचलून बाजूला ठेवलं असतं. मला उचलायला यांच्यात कोणी नाही."

"ऊन लागेल तुला."

"बोळात ऊन येत नाही, संदीप. याच गल्लीत वाढलास आणि एवढं माहीत नाही?"

शेजारचे भाईजान नया नगरच्या दुकानात निघाले होते, ते थांबले. "क्या आंटी, आंदोलन है क्या?"

"नहीं, लहसुन है."

सून मनीषानं चहा केला. मिस्त्रीच्या कपात साखर घालताना ती हसत होती, ते मी पाहिलं. चहा झाल्यावर माणसं रिकामी बसली. फावडी त्यांच्या हातात होतीच. मी म्हटलं, "बैठे-बैठे क्या करोगे? उधर पीछे से थोड़ा कचरा निकाल दो." मिस्त्रीनं डोक्याला हात लावला, पण त्या दोघांनी मागून जाऊन गटाराकडचा गाळ काढला, घमेली भरभरून. टेम्पोवाल्याला दुसरी फेरी होती. तो वैतागून भरलेला टेम्पो घेऊन गेला. बोळ बुजवायला आलेली माणसं बोळ उपसून गेली. तू बघायला हवी होतीस. हसून हसून खोकली असतीस.

मेल्विन आला तेव्हा दुपार होत आली होती. रागानं लाल झालेला.

"मावशी, तुम्ही माझ्या मम्मीपेक्षा हट्टी आहात."

"चला," मी म्हटलं. "कोणीतरी मान्य केलं."

तो हसला नाही. पायरीवर बसला, बूट काढले, पुन्हा घातले. एरवी तो ऑफिसातल्यासारखं साफ बोलतो. तेव्हा मात्र तुझ्यासारखं बोलायला लागला. "मम्मी गेली, मावशी. आता कोन काढनार हा बोळ? तुमच्यानं वाकवत न्हाय. मला यायाला जमनार न्हाय. आनि खरं सांगू, मला तिकडं बघवत न्हाय. ती तिथं बसायची त्येच दिसतं."

आता याला मी काय सांगणार होते? मलाही बघवत नाही. तू गेल्यापासून मी मागच्या दाराची कडी काढलेली नाही. पण बघवत नाही म्हणून बुजवायचं ठरवलं, तर आधी तुझं घर बुजवावं लागेल आणि मग अर्धं माझं.

"तू फक्त जाऊन तिथं बस," मी त्याला म्हटलं. "बादली मी ओतते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. लहानपणी तुझ्या मागं मागं येऊन तोही बसायचा, चड्डी निळी करून घ्यायचा आणि तुझा मार खायचा. तो उठला. पण आधी त्याला मला उठवावं लागलं. खांदे भिंतींत अडकले होते. दोन्ही हात धरून त्यानं ओढलं, मी सुटले, आणि लसणाच्या पाकळ्या सगळीकडं पसरल्या.

नीळ आता बाटलीत मिळते, पूर्वीसारखी पुडीतली नाही. मी बादलीत कालवली आणि ओतली. पाणी निळं होऊन आत गेलं. मी थांबले.

"मेल्विन?"

"न्हाय."

आणखी थोडं ओतलं.

"आलं का रे?"

"न्हाय, मावशी. सुकंच हाय."

गाळ तर मागून काढला होता. मग अडलं कुठं? मेल्विन ऑफिसच्या कपड्यांतच खराटा घेऊन बोळात शिरला. मधोमध वाकला, काहीतरी धरून ओढत राहिला आणि शेवटी एक काळा, कुजलेला गठ्ठा बाहेर काढला. झाप होता. तुझ्या भिंतीचा. गेल्या दसऱ्याला तू झाप उतरवलेच नव्हतेस. ते तसेच लोंबत राहिले, सुतळी कुजली आणि त्यातला एक घसरून वाऱ्यानं बोळात आत सरकला. मला तेव्हा वाटलं होतं, यंदा बाईनं कंटाळा केला. मी तुला टोमणाही मारला होता. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, सावली होते." हात वर करायची ताकद तेव्हाच गेली होती तुझी, हे मला त्या गठ्ठ्याकडं बघताना कळलं. एका बोळापलीकडं राहून मला दिसलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. हेही तुझ्या नावावर मांडून ठेवते.

आणि दुसरं. मला म्हणे तू बुजवशील. तुझ्याच झापानं बुजला होता, फिलूबाई. तुझ्या स्वतःच्या, उत्तनच्या झापानं. आता मीट डोळे.

मेल्विन पुन्हा मागं जाऊन बसला. मी उरलेली बादली ओतली. या वेळी पाणी थांबलं नाही, ते भिंतीच्या कडेकडेनं निघालं, मधल्या खड्ड्यापाशी जरा घुटमळलं आणि पुढं गेलं. मी कान देऊन उभी राहिले.

"आली," तिकडून आवाज आला. "मावशी, आली गं आली."

तुझाच सूर. शेवटी तसाच वर चढवलेला. तो मावशीला गं म्हणाला, त्याच्या लक्षातही आलं नाही. मग बराच वेळ तो तिथंच बसून राहिला. मी तिकडं गेले नाही. लसूण वेचत बसले.

तर आता असं ठरलंय. बोळ आहे तसा राहणार. संदीप कमोड जुन्या मोरीतच बसवून देतोय. तिथं जागा होती, त्या दोघांना ती दिसली नव्हती, कारण दोघांपैकी एकानंही मोरी कधी घासलेली नाही. उत्तनला मेल्विनची मामी अजून झाप विणते. तो आणतो म्हणालाय. नाही आणले तर ताडपत्री लावीन, गाठी मात्र मी स्वतः सोडून पुन्हा बांधीन. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडंच आहे. पुढच्या वर्षी बोळ कोण काढणार, हे मेल्विननं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मे महिना आला की मी नीळ आणून ठेवीन, आणि त्याला फोन करून मुद्दाम कडप्प्याचा भाव विचारीन. येतो की नाही बघू.

आणखी एक. सुताराला बोलावून तुझ्या दाराच्या चौकटीचं माप दिलं. फळी काल आली. छान बसली. कणीक मी देईन. भरतीचं पाणी वेगळं असतं ना? येऊ दे. आता तुला नको म्हणता येणार नाही. निदान एवढ्या बाबतीत तरी शेवटचा शब्द माझा.

राहिलं तुझं ते वाक्य. मी त्याचा खूप विचार केला, फिलू, आणि मी प्रामाणिक बाई आहे, म्हणून सांगते. तू खोटी ठरली नाहीस. तू गेल्यावर बोळ पहिल्यांदा बुजवला तो मीच, पाटावर बसून, लसूण सोलत.

पण दुपारी मी उठले.